मास्तरचा हात

माझ्या भावाला कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नाही. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचा तो मास्तर. कटिंग मास्तर. आम्ही गणवेश शिवतो: शाळेचे, इस्पितळाचे, पहारेकऱ्यांचे. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं, आणि मशीनची सुरी एकदा फिरली की चाळीस बाह्या एकदम सुटतात. चुकली तर चाळीसच्या चाळीस वाया. म्हणून त्या टेबलाजवळ कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही. आमचा मास्तर मात्र सुरी चालवता चालवता गप्पा हाणायचा. नवीन माणूस दारातून आत आला की मान वर न करता म्हणायचा, "छाती अडतीस, डावा खांदा पडलेला. जड पिशवी डाव्या हाताने आणता का हो?" आणि त्या माणसाच्या डाव्या हातात खरंच पिशवी असायची.

मी त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला, इस्त्रीवर. बावीस वर्षं झाली. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्न त्याने केलं नाही, माझं झालं नाही. कुणी विचारलंच तर तो सांगायचा, "ताईची जीभ ऐकून तिची स्थळं पळाली, आणि अशी नणंद आहे म्हटल्यावर माझीही." जीभ माझी आहेच तशी. उचलली की लावली टाळ्याला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात याच जिभेने केली, शेवट हाताने.

बाबांना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. दोन वर्षं अंथरुणावर होते. आम्ही भावंडांनी काम वाटून घेतलं असं मी चारचौघांत म्हणते. खरं म्हणजे मी स्वयंपाक वाटून घेतला, आणि अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, चादरी, सगळं त्याच्या गळ्यात पडलं. कामावरून आला की तो बाबांचा उजवा हात मांडीवर घेऊन बसायचा. मिटलेली बोटं एकेक करून सोडवायचा, चोळायचा, नखं कापायचा. बाबा गेले त्या दिवशी मी गळा काढला. हा रडला नाही. "चादरी भिजत घालतो," म्हणाला आणि आत गेला. तिसऱ्या दिवशी टेबलावर हजर. मी म्हटलं, चला, पोरगं खंबीर आहे. मलाही तेवढंच सोयीचं होतं.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी आखता आखता त्याच्या हातून खडू पडला. तो उचलायला वाकला, तर उजवा हात खाली लोंबतच राहिला. मनगटापासून बोटांपर्यंत काही कळत नाही म्हणाला, आणि खांद्यापासून हात हलेना. बाबांचंही असंच झालं होतं. तस्संच.

इस्पितळात तीन दिवस होतो. डोक्याचा फोटो, मानेचा फोटो, रक्त, नसांना बारीक झटके देऊन तपासणी. चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आला, एका पायावर उभा, दुसरा पाय आधीच दाराकडे. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. झटका नाही, काही नाही. काहीही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका," म्हणाला आणि गेला.

काहीही झालेलं नाही! मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून म्हटलं, "ऊठ आता, तुला काही झालेलं नाही."

"ताई, हात उचलत नाही गं."

"अरे, डॉक्टर म्हणाले ना, काही नाही म्हणून!"

"डॉक्टर म्हणाले," तो म्हणाला. "हात कुठे म्हणतोय?"

तेव्हा हसू आलं मला. नंतर नाही आलं. शक्तीची इंजेक्शनं झाली, मालीश झालं, शेकून झालं. महिना गेला. तो रोज कारखान्यात येऊन बसायचा, घर एकट्याला खायला उठायचं म्हणून. डाव्या हाताने आखून बघायचा, रेघ नागमोडी यायची. पहिले पंधरा दिवस जो तो विचारपूस करायचा. कुणी त्याचा डबा उघडून द्यायचं, कुणी शर्टाची गुंडी लावून द्यायचं. मग कुणीतरी विचारलं, रिपोर्टात काय निघालं? मीच सांगितलं, काही नाही. तिथून वारं फिरलं. आमच्याकडे काज-बटणाच्या मशीनवर एक बाई आहे, तोंडाने माझी बहीण शोभावी अशी. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "झोपलेल्याला उठवता येतं बाई. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?"

मी तिला तिथल्या तिथे चार शब्द सुनावले. पण सोंग हा शब्द कानातून आत गेला तो गेलाच. घरी तो डाव्या हाताने जेवताना सांडायचा आणि मला वाटायचं, जरा जास्तच सांडतोय. बाबांचं करून करून दमला, आता स्वतःचं करून घ्यावंसं वाटतंय, दुसरं काय? असं मी त्याला बोलूनही दाखवलं एकदा. तो ताट घेऊन मोरीकडे गेला, एका हाताने घासलं.

मालक वाईट माणूस नव्हता. महिनाभर थांबला, मग म्हणाला, आणखी पंधरा दिवस बघू, नाहीतर दुसरा कटर आणावा लागेल. मास्तरने मान हलवली. सोळाव्या वर्षापासून तो त्या टेबलाशी उभा होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यायला नकोही होतं.

आणि मग ती सकाळ उजाडली. तो काजवालीच्या मशीनपाशी उभा होता, तिलाच काहीतरी सांगून हसवत होता, ती मागून काय बोलते ते ठाऊक असून. वरच्या फळीवर कापडाचे तागे रचलेले. खालचा कुणीतरी ओढला असेल, वरचा घरंगळला तो थेट तिच्या डोक्यावर. आणि मास्तरचा उजवा हात वर गेला. सटकन वर गेला आणि त्याने तागा धरला.

सगळ्या हॉलने पाहिलं. मशिनी थांबल्या. मास्तरनेही पाहिलं. स्वतःच्याच हाताकडे तो असा बघत राहिला, जणू परका माणूस न विचारता घरात शिरलाय. दुसऱ्या क्षणी हात खाली पडला, तागा आपटला, आणि कुणीतरी फिस्सकन हसलं.

"वा मास्तर!" मालक दारातून म्हणाला. "आम्हीच वेडे ठरलो म्हणायचं."

"मला माहीत नाही कसा गेला," मास्तर म्हणाला. "थांबा, थांबा. परत जातो का बघतो." आणि सगळ्यांसमोर त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. कपाळावरची शीर फुगली, घाम आला, खांदा थरथरला. हात जागचा हलला नाही. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाला, "पुरे झालं. उद्यापासून येऊ नका." ज्या बाईचं डोकं वाचलं तीसुद्धा खाली बघून काजं करायला लागली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. महिनाभर मी त्याच्या बाजूने भांडले होते, आणि हा रंगेहाथ पकडला गेला! जेवणाच्या सुट्टीत सगळे अंगणात गेले. हॉलमध्ये आम्ही दोघंच. तो माझ्या टेबलाशी येऊन बसला, नेहमीसारखा.

"मला तरी खरं सांग," मी म्हटलं.

"खरंच सांगतोय, ताई."

"अख्ख्या कारखान्याने बघितलं!"

"मीही बघितलं," तो म्हणाला. "मला कळलं असतं तर मी तुला आधी सांगितलं नसतं का?"

माझं डोकं फिरलं. मी त्याचा उजवा हात उचलून टेबलावरच्या घोंगडीवर पालथा ठेवला. त्याने ठेवू दिला. इस्त्री तापलेलीच होती. इस्त्रीवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, तापलेल्या लोखंडावरून हात आपण काढत नाही, हातच निघतो. बावीस वर्षांत शेकडो चटके बघितले, त्यातले निम्मे माझे, आणि एक म्हणायच्या आत हात मागे आला नाही असं कधी घडलं नव्हतं. आम्ही इस्त्री मनात आकडे मोजून फिरवतो. टेरिकॉटला दोन, सुतीला चार. मी म्हटलं, टेरिकॉटचे दोन. एकवरच ओढेल, आणि मग मी विचारीन, आता बोल.

इस्त्री ठेवली. हाताकडे मी बघितलंच नाही. मी बघत होते त्याच्या चेहऱ्याकडे, कारण चोरी चेहऱ्यावर पकडायची असते ना! चेहरा होता तसाच, डोळे माझ्या डोळ्यांत. दमलेला, जरा गोंधळलेला, ताई आता काय करतेय असा. एक. दोन. मला वाटलं, दात आवळून सोसतोय मेला, बघू कुठवर सोसतो. तीन. चार.

मग त्याने नाक आक्रसलं.

"ताई," तो म्हणाला, "काहीतरी जळतंय. एखादं कापड विसरलीस का?"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. इस्त्री खाली पडल्याचा आवाज. कातडी इस्त्रीबरोबर वर आली ते. मी किंचाळले ते. भाजला तो, आणि किंचाळले मी. तो हाताकडे बघत होता आणि मला म्हणत होता, "अगं थांब, घाबरू नकोस, दुखत नाहीये." अंगणातून सगळे धावत आले. मास्तर म्हणाला, "हात टेकायला गेलो आणि इस्त्रीवरच पडला. कळलंच नाही मला."

आयुष्यात माझ्या देखत तो एवढं एकच खोटं बोलला, आणि त्याचं तेवढंच सगळ्यांना ताबडतोब पटलं. काजवाली मटकन खाली बसून रडायला लागली, "आम्ही पापी गं, आम्ही पापी." मालकाने स्वतः गाडी काढली. हॉलभर एकच चाललं होतं, बिचाऱ्याला खरंच काही कळत नाही. आता दिसत होतं ना! कातडी उडालेली, मांस दिसतंय, मग आजार खरा. दीड महिना तो तोंडाने सांगत होता तेव्हा खरा नव्हता.

यावेळी इस्पितळात एक डॉक्टरबाई होत्या. केस पिकलेले, आवाज हळू. त्या माझ्याशी न बोलता त्याच्याशी बोलायच्या, हे मला आधी खटकलं. त्यांनी भाजलेला हात नीट बघितला. मागची सगळी बाजू, बोटांच्या सांध्यांपर्यंत, टोकासकट इस्त्रीचा आकार. "टेकलेल्या हाताला कड लागते," त्या म्हणाल्या. "ही अख्खी इस्त्री आहे. कुणी ठेवली?"

"मीच पडलो," मास्तर म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी लिहिलं.

मग ताग्याचं सगळं त्याच्याकडून ऐकून घेऊन त्यांनी त्याला उजवा हात उचलायला सांगितला. नाही उचलला. नंतर डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायला लावला आणि शंभरपासून तीन-तीन वजा करत उलटे आकडे म्हणायला लावले. सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव. आणि पट्टीतून बाहेर आलेली उजव्या हाताची बोटं त्या ठेक्यावर हलायला लागली. परत पकडला गेला, असंच वाटलं मला. डॉक्टरबाई मात्र खूश झाल्या. "बघितलंत?" त्या त्याला म्हणाल्या. "ही चांगली बातमी आहे. हात शाबूत आहे, नसा शाबूत आहेत. तुम्ही हुकूम सोडता तेव्हा तो पोचत नाही. लक्ष दुसरीकडे असलं की हात आपला आपण चालतो. म्हणून तुम्ही तो तागा धरू शकलात."

"म्हणजे आमच्या शिलाई मशीनसारखं," मास्तर म्हणाला. "मोटर ठीक, सुई ठीक, पट्टा सरकलाय."

"अगदी तसं. म्हणूनच फोटोत काही दिसलं नाही. फोटोत मोडलेलं दिसतं, सरकलेलं दिसत नाही."

"मग हे सोंग नाही?" मी विचारलं.

"सोंग करणाऱ्याला आपण सोंग करतोय हे माहीत असतं," त्या म्हणाल्या. "यांना माहीत नाही. हा आजार आहे, त्याला उपाय आहे, आणि तो बऱ्याच लोकांना होतो. कुणाचे पाय जातात, कुणाला फिट्स येतात, कुणाची दृष्टी जाते. आणि बहुतेकांना आधी घरचेच खोटं पाडतात."

हे बाबांच्या जाण्यामुळे झालं का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, असेल, तेही असेल. पण एकच कारण पकडून त्यालाच धोपटत बसू नका, कधी ते सापडतं, कधी सापडतच नाही. मग मी जो प्रश्न टाळत होते तो विचारला. असे हात परत येतात का?

"बरेच येतात. हाही येईल, मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण कातडीचं मी सांगू शकत नाही. ते माझं खातं नाही."

व्यायाम सुरू झाले. गाणं गुणगुणत चेंडू झेलायचा, आरशात डावा हात बघत उजवा हलवायचा. मास्तर मन लावून करायचा. दर दोन दिवसांनी पट्टी बदलायला मी घेऊन जायचे. नर्स मेलेली कातडी खरवडून काढायची आणि तो खिडकीबाहेर बघत तिच्याशी गप्पा मारायचा. तिच्या कोटाची बाही अर्धा इंच लांब आहे म्हणून सांगायचा.

सहाव्या आठवड्यात नर्सने पट्टी ओढली आणि तो किंचाळला. "आई गं!" सबंध वॉर्ड दणाणला. हात झटकन छातीशी गेला, आपला आपण. हात परत आला होता, आणि आल्या आल्या त्याला काय मिळालं, तर मी दिलेला चटका. तो रडत होता, हसत होता, पुन्हा रडत होता. "दुखतंय गं ताई, काय दुखतंय!" मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बाबांच्या वेळचं रडूही त्याने त्याच दिवशी रडून घेतलं असावं, कारण तासभर थांबला नाही.

त्यानंतर महिन्याभरात हात वर जायला लागला. मनगट वळायला लागलं. बोटं उघडली. मिटायला गेली तेव्हा मात्र अडकली. भाजल्याजागी कातडी जाड होऊन ताणली गेली होती, पालथ्या हातावर आवळून बसवलेल्या चामड्यासारखी. मूठ वळत नाही. खडू धरता येतो. कात्री नाही, सुरीची मूठ नाही. शस्त्रक्रिया करून थोडा फरक पडेल म्हणाले, पहिल्यासारखा नाही. जो हात नुसता व्यायामाने अख्खा परत आला असता, तो मी कायमचा अधू केला. दुसरा कटर आला. मालकाने मास्तरला आखायला ठेवून घेतलं. मास्तर रेघ ओढतो, तो दुसरा कापतो, आणि सुरी फिरत असताना मास्तर तिकडे बघत नाही.

मला राहवेना. एक दिवस चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, इस्त्री मी ठेवली. मुद्दाम ठेवली. चार आकडे मोजले. मग काजवाली उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "किती मनाला लावून घेशील? स्वतःवर ओढून घेऊ नये असं." मी ओरडून सांगितलं, शपथ घेतली. मालक म्हणाला, दोन दिवस सुट्टी घ्या. मी खरं सांगत होते आणि एकाही माणसाला पटत नव्हतं! घरी जाताना मास्तर म्हणाला, "असंच वाटतं, ताई." टोमणा नव्हता त्यात. वाटेत जाताजाता सांगावं तसं सांगितलं.

"का खोटं बोललास रे तू?"

"मग काय करू? घरात मला दुसरं आहे कोण?"

गेल्या आठवड्यात सकाळी मी चहा ठेवला आणि त्याला हाक मारली. आला नाही. आत गेले तर कॉटच्या कडेला बसलेला, दोन्ही पाय खाली सोडून.

"ताई, माझा उजवा पाय जमिनीला टेकलाय का गं?" त्याने विचारलं. "मला कळत नाहीये."

टेकला होता. आणि आता जे सांगते ते ऐका. एवढं सगळं होऊन, एवढं सगळं करून, माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? झालं, नवीन नाटक. तोच विचार. मेला तोच. जीभ टाळ्याला लागली होती, मी ती दाताखाली धरली.

"टेकलाय," मी म्हटलं. "कधीपासून कळत नाही?"

"उठल्यापासून." तो माझ्याकडे बघत होता. "तुला आत्ता काय वाटलं, ते सांग. खरं सांग."

त्याच्याशी खोटं बोलायची माझी टाप नव्हती. "सोंग वाटलं," मी म्हटलं.

मला वाटलं तो मान फिरवेल. त्याने मान हलवली. "मलाही वाटतं," तो म्हणाला. "तेव्हाही वाटायचं. तू इस्त्री ठेवलीस ना, मी हात ठेवू दिला तो त्यासाठीच. मला वाटलं, ताई करतेय ते बरं करतेय, एकदाचं मलाही कळेल."

चहा उतू गेल्याचा वास आला, पण मी हलले नाही. मग त्याच्या पायात चपला घातल्या, आधी डाव्यात, मग उजव्यात, आणि डॉक्टरबाईंकडे जायला त्याच्या काखेत हात घालून त्याला उभा केला.